छातीतील शंका आणि घरच्या मंडळींचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृहाचा निधी, विवाहातील काटकसर अशा विषयांवर आपण चार विचार ऐकत आलो आहोत. यंदा कार्यवाहांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली. आम्ही विषय कळविला तेव्हा त्यांना नवल वाटले. ‘गुरुजी, आपण व्याकरणाचे मास्तर; हृदयाच्या दुखण्यावर आपण काय बोलणार?’ असे त्यांनी विचारले, आणि त्यांचे विचारणे रास्त होते. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाही, आणि औषध सांगण्यास आम्ही येथे उभेही नाही.

परंतु बंधुभगिनींनो, एक गोष्ट लक्षात घ्या. मध्यरात्री घरातील माणूस छातीवर हात ठेवून उठून बसतो आणि म्हणतो, ‘काही तरी होत आहे.’ त्या घटकेला तेथे डॉक्टर नसतो. तेथे असते बायको, मुलगा, सून, शेजारी. दवाखान्यात न्यावे की उजाडेपर्यंत वाट पाहावी, हा निर्णय डॉक्टरांनी करावयाचा नसतो. तो घरच्या मंडळींना करावा लागतो. डॉक्टरांचे काम त्यानंतर सुरू होते. त्या निर्णयाविषयी बोलण्याचा अधिकार मात्र आम्हांस आहे असे आम्ही नम्रपणे म्हणतो. कारण तो निर्णय चुकलेला आम्ही आपल्या घरात पाहिला आहे, आणि त्या चुकीत आमचाही वाटा आहे.

२००७ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. समाजातील एका विवाहाला आम्ही व आमचे थोरले बंधू गेलो होतो. तेथे एक पाहुणे भेटले. पंधरा दिवसांपूर्वी छातीत कळ आली म्हणून त्यांना रात्री गाडी करून चंद्रपूरला नेले होते. ईसीजी काढला, रक्त तपासले, एक रात्र ठेवून घेतले आणि ‘हृदयाला काही नाही’ असे सांगून घरी पाठविले. पंगतीत ही हकीकत निघाली आणि आम्हांस विनोद सुचला. ‘पाहुणे, बुंदी जपून खा, नाही तर पुन्हा चंद्रपूरची वारी घडायची!’ असे आम्ही मोठ्याने म्हणालो. पंगत हसली. पाहुणे ओशाळले. सर्वांत मोठ्याने हसले ते आमचे बंधू.

पुढील वर्षी कार्तिकात धानाची कापणी चालू होती. बंधूंचे वय तेव्हा अठ्ठावन्न. सिंदेवाही तालुक्यातील आमच्या गावी, रात्री अकराच्या सुमारास, छातीवर धानाचे पोते ठेवल्यासारखे वाटते असे ते म्हणाले. अंगाला दरदरून घाम आला. ओवा झाला, काळे मीठ झाले, खाण्याचा सोडा झाला, पाठीला तेल चोळून झाले. सुनेने तीनदा म्हटले, ‘मामाजी, गाडी बोलावू या.’ बंधूंनी नको म्हटले. दोनच्या सुमारास एक ढेकर आली, बरे वाटले, घरातील सर्वांना हायसे झाले. चार वाजता पुन्हा तेच, आणि अधिक जोराने. तेव्हा कोठे जीप निघाली. तालुक्याचे गाव चौदा किलोमीटरवर होते. तेथवर ते पोहोचले नाहीत.

तेरवीच्या दिवशी सुनेने आम्हांस बाजूला बोलावून सांगितले, ‘काकाजी, मामाजी गाडी नको का म्हणत होते, ठाऊक आहे? म्हणत होते, उगाच गेलो अन् गॅस निंगला त आपला मास्तरच हासन मले.’

याउपर आम्ही त्याविषयी अधिक बोलत नाही. केवळ त्या दिवसापासून आम्ही हा विषय समजून घेण्याचा यत्न केला, डॉक्टर मंडळींना विचारले, मिळेल ते वाचले, आणि जे उमगले ते आज आपणापुढे ठेवीत आहोत.

प्रथम, हृदयविकाराचा झटका म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. हृदय रात्रंदिवस रक्ताने भरलेले असते. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते बाहेरून वेढणाऱ्या बारीक धमन्यांतून. अशा एखाद्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली की पुढच्या भागाचा पुरवठा तुटतो. आपल्या झाडीपट्टीतील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मामा तलावाच्या पाटात माती कोसळून पाणी अडले, तर खालच्या बांधीतील धान त्या क्षणी मरत नाही. प्रथम माना टाकते, मग पिवळे पडते, मग जळते. पाट मोकळा करणारा माणूस लवकर पोहोचला तर बहुतेक धान वाचते. उशिरा पोहोचला तर पाणी येते, पण पीक येत नाही. हृदयाच्या स्नायूचे तंतोतंत असेच आहे. पहिल्या एकदोन तासांत जे वाचते ते सहा तासांनी वाचत नाही.

शंभर वर्षांपूर्वी असा झटका म्हणजे तत्काळ मृत्यू असाच बहुतेकांचा समज होता. १९१२ मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी दाखवून दिले की धमनी तुंबल्यावरही माणूस जगू शकतो व जिवंतपणी हा विकार ओळखता येतो. हॉलंडमधील आइन्थोव्हन यांनी हृदयाची विद्युतस्पंदने कागदावर उमटविण्याचे यंत्र सिद्ध केले. त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तीच आजची ईसीजीची पट्टी. पुढे १९८६ मध्ये इटलीतील अकरा हजारांहून अधिक रुग्णांवरील एका मोठ्या प्रयोगाने सिद्ध केले की गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून दिल्यास मृत्यू कमी होतात. आणि ज्यांना ते पहिल्या तासाच्या आत मिळाले त्यांच्यातील मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. १९८८ मध्ये सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या प्रयोगात साध्या, स्वस्त ॲस्पिरिनच्या गोळीनेही असे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. सांगण्याचे तात्पर्य हे की औषध आहे, यंत्र आहे, विद्या आहे. उणीव आहे ती आपण त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचण्याची.

आता कोणी म्हणेल, हा शहरातील बैठ्या लोकांचा रोग; शेतात राबणाऱ्यांना तो कसला? हा भ्रम आपण टाकून दिला पाहिजे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांतील मृत्यूंची कारणे शोधली. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गावांत मृत्यूचे सर्वांत मोठे एकच कारण आढळले ते पक्षाघात, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार. रक्तवाहिन्यांचे विकार जंगलातील गावांपर्यंत केव्हाच येऊन पोहोचले आहेत. मेंदूच्या ज्या वाहिन्या बिघडतात, त्यांच्याच भावंडे हृदयाच्या वाहिन्या आहेत. त्यात आपल्याकडे घरोघर चघळला जाणारा खर्रा, वाढलेला रक्तदाब आणि न तपासलेली साखर. आणि विद्वत्तेचेही कवच नाही. त्याच संस्थेचे संस्थापक, स्वतः निष्णात डॉक्टर असलेले श्री. अभय बंग यांना १९९५ मध्ये, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गाठले. त्यावर त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिले, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचलेच असेल. तेव्हा ‘याला कसा होईल?’ हा प्रश्न विचारून कोणीही निश्चिंत होऊ नये.

आता मुख्य मुद्दा. शंका कशाची धरावी?

नाटक-सिनेमात झटका आलेला माणूस छाती आवळून एकदम कोसळतो. तसे झाले तर शंकेला जागाच उरत नाही, सगळे धावतात. घात होतो तो संदिग्ध लक्षणांनी. छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे. ते डाव्या अथवा दोन्ही हातांत, खांद्यात, मानेत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणे. त्यासोबत थंड घाम, धाप, मळमळ, उलटी, चक्कर, अकारण भीती. यांतील सर्व एका वेळी असतीलच असे नाही. पुष्कळ रुग्ण ‘दुखते’ असे म्हणतच नाहीत. ‘कसेसेच होते’ एवढेच म्हणतात. डॉक्टरांनी आम्हांस सांगितले की रुग्ण बोटाने एक जागा दाखवितो की सपाट तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो, याकडेही ते पाहतात; तळहात ठेवणाऱ्याची चिंता त्यांना अधिक वाटते.

स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेहाचे रुग्ण यांच्या बाबतीत विशेष सावध असावे. त्यांच्यात छातीचे दुखणे अगदी सौम्य असू शकते, कधी नसतेच. केवळ एकाएकी आलेला विलक्षण थकवा, धाप, घाम किंवा जबड्यातील ठणक एवढेच दिसते. आणि आपल्या घरांतील स्त्रियांची रीत आपण जाणतोच. पाहुण्यांचे जेवण होईपर्यंत त्या आपले दुखणे पदराआड ठेवतात.

या बाबतीत आमच्या घरचाच दाखला देतो. २०१९ च्या पौषातील सकाळ. आमचे बिऱ्हाड तेव्हा मूल येथे होते. आमच्या सौभाग्यवती कणीक मळता मळता खाली बसल्या. छातीत दुखत नव्हते. डावा खांदा व जबडा ठणकत होता, आणि थंडीच्या दिवसांत कपाळावर घाम होता. ‘रात्री झोप नीट झाली नाही, एवढेच’ असे त्यांचे म्हणणे. बंधूंचे प्रकरण नसते तर आम्हीही ‘जरा पडून राहा’ असेच म्हटले असते. त्या दिवशी आम्ही चर्चा केली नाही. १०८ क्रमांक फिरविला. दवाखान्यात ईसीजी काढताच डॉक्टरांचा चेहरा पालटला. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन तेथेच दिले आणि मग पुढे नागपूरला पाठविले. तेथे धमनीत स्टेंट बसविली. आज त्या या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि आम्ही त्यांच्याविषयी इतके बोललो म्हणून घरी गेल्यावर आमची कानउघाडणी होईल हे आम्ही जाणून आहोत.

मग प्रत्येक ढेकरीला, प्रत्येक कळीला गाडी काढावयाची काय? नाही. क्षणभर टोचून थांबणारी सुई, बोटाने दाबले असता नेमकी एकाच जागी दुखणारी बरगडी, खोकताना किंवा कूस बदलतानाच येणारी चमक, वर्षानुवर्षे ओळखीची असलेली जेवणानंतरची जळजळ यांत हृदयाचा संभव कमी असतो. घटकाभर होणारी धडधड पुष्कळदा निरुपद्रवी असते; परंतु तिच्यासोबत भोवळ, धाप किंवा छातीत दाब असेल तर ती निरुपद्रवी समजू नये. चढण चढताना किंवा ओझे उचलताना छातीत भरून येते व थांबल्याबरोबर जाते, असे प्रथमच होऊ लागले असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तेच विश्रांतीतही येऊ लागले, वाढू लागले, किंवा पाचदहा मिनिटे स्वस्थ बसूनही गेले नाही, तर मग घड्याळाकडे पाहू नये, निघावे.

आपल्या चंद्रपूरच्या वैशाखात आणखी एक घोटाळा होतो. घाम, घेरी, मळमळ दिसली की ‘ऊन लागले’ म्हणून कांदा व कैरीचे पन्हे होते. त्यावर आमचे उत्तर एवढेच की उन्हाचा जबर तडाखा हीसुद्धा तातडीने दवाखान्यात नेण्याचीच गोष्ट आहे. ऊन की हृदय, हा वाद घरात बसून सोडविण्याचे कारण नाही.

दोन गैरसमज येथेच खोडून काढतो. सोडा किंवा आम्लपित्ताची गोळी घेतल्यावर बरे वाटले, म्हणजे पित्तच होते, असे सिद्ध होत नाही. हृदयाचे दुखणेही कमीजास्त होत असते. आमच्या बंधूंना दोन वाजता बरे वाटले होते हे आपण ऐकलेच. दुसरे असे की एकदा काढलेला ईसीजी निर्दोष आला म्हणजे सर्व संपले असे नाही. आरंभी पट्टी साफ येऊ शकते, आणि रक्ताच्या ज्या तपासणीत हृदयाची इजा दिसते तिला काही तास जावे लागतात. म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबावे, ‘पट्टी चांगली आहे, चला घरी’ अशी घाई करू नये.

आता अंतराचा हिशेब मांडू. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून १९८२ मध्ये वेगळा झाला; परंतु दोघांचे जंगल, नद्या आणि रस्ते यांचे दुःख एकच आहे. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. गडचिरोलीहून नागपूर पुन्हा पावणेदोनशेच्या घरात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग किती वेळा बंद पडला आहे, हे तिकडे नोकरी केलेल्यांना विचारावे. आम्ही स्वतः एटापल्ली व अहेरी भागात नोकरीची वर्षे काढली आहेत. तेथील एक विचित्र रीत आम्ही पाहिली. ज्याचे गाव दवाखान्यापासून दूर, तो अधिक वेळ थांबतो. ‘एवढ्या लांब जायचे, एवढा खर्च, खात्री झाल्यावर जाऊ’ असे तो म्हणतो. गणिताचे मास्तर म्हणून आम्ही सांगतो, हा हिशेब उलटा आहे. नागपूरच्या माणसाने अर्धा तास दवडला तरी दवाखाना त्याच्यापासून पंधरा मिनिटांवर असतो. कोरचीच्या किंवा धानोऱ्याच्या माणसाचा वेळ रस्त्यातच खर्ची पडणार आहे. त्याच्याजवळ वाट पाहण्यासाठी शिल्लक काय उरले? ज्याचे गाव जितके दूर, त्याने तितक्या लवकर आणि तितक्या लहान शंकेवर निघाले पाहिजे.

आणि निघून जावयाचे कोठे? येथेही आपली मंडळी चुकतात. पैसा असलेले लोक भाड्याची गाडी करून थेट नागपूर गाठू पाहतात. धमनी फुग्याने उघडण्याची सोय तेथे आहे हे खरे. परंतु ती सोय दोन तासांच्या आत मिळण्यासारखी नसेल तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन आधी द्यावे, असा डॉक्टरांचा नियम आहे. आपल्या भागातून दोन तासांत नागपूरच्या टेबलापर्यंत फार थोडे पोहोचतात. म्हणून आधी जवळचा ईसीजी, आणि मग नागपूर. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीलाही २०२४ मध्ये झाले. आपल्या गावाजवळ रात्री ईसीजी कोठे निघतो आणि इंजेक्शन कोठे मिळते, ही चौकशी मात्र आजच, शांतपणे करून ठेवावी. ती मध्यरात्री करण्याची नव्हे.

१०८ ची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून धावते. तिच्यात डॉक्टर असतो व तिला पैसे लागत नाहीत. ती येण्यास फार वेळ लागणार असे कळले, तर गावातील जीप घेऊन निघावे व वाटेत भेटावे. रुग्णास चालवू नये, जिना चढवू नये, आणि त्यास स्वतः मोटारसायकल हाकू देऊ नये. ॲस्पिरिनची गोळी चावून खाण्याने लाभ होतो; परंतु ज्यांना तिचे वावडे आहे, पोटात व्रण किंवा रक्तस्राव आहे, किंवा पक्षाघाताची लक्षणे आहेत, त्यांना ती घातक ठरू शकते. म्हणून १०८ वरील किंवा आपल्या डॉक्टरांना विचारूनच द्यावी. जिभेखाली ठेवण्याची गोळी दुसऱ्याच्या डबीतून काढून देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. माणूस बेशुद्ध होऊन त्याचा श्वास थांबला, तर त्यास सपाट जमिनीवर निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल दाबत राहावे व मदत येईपर्यंत थांबू नये. हे करण्याची रीत डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घेण्यासारखी आहे.

खर्चाची भीती अनेकांना घरी बसविते. २०१२ मध्ये शासनाची आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत आली, त्यांत आपले गडचिरोली होते. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते आणि कुटुंबास वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत मिळतात. शिधापत्रिका, आधारपत्रिका, चालू औषधांची चिठ्ठी आणि जुनी ईसीजीची पट्टी एका पिशवीत घालून ती पिशवी खुंटीला टांगून ठेवावी.

बंधुभगिनींनो, एवढे सारे सांगूनही मूळ अडचण उरतेच. रुग्ण ‘नको’ म्हणतो. तो का म्हणतो? त्याला दुखत नाही म्हणून नव्हे. त्याला लाज वाटते म्हणून. लोकांना त्रास नको, मुलाची झोप मोडायला नको, खर्च नको, आणि काही निघाले नाही तर हसे नको. म्हणून आमचे म्हणणे असे की हा निर्णय रुग्णावर सोडूच नये, आणि त्या घटकेवरही सोडू नये. दिवाळीला सर्व कुटुंब एकत्र जमते, तेव्हा बसून ठरवून ठेवावे. आपल्या घरात छातीचे नवे, न समजणारे दुखणे, किंवा अकारण घाम व धाप, दहा मिनिटांपेक्षा अधिक टिकली तर विचारविनिमय नाही, फोन होईल. फोन कोण करील, गाडी कोणाची, सोबत कोण, हेही ठरावे. घरातील सर्वांत धाकट्या सुनेलाही तो फोन करण्याचा अधिकार असावा, आणि केला म्हणून तिला कोणी बोल लावू नये. आमच्या बंधूंच्या घरी तो अधिकार त्या रात्री सुनेला असता तर!

तीन वर्षांपूर्वी आमच्याच छातीत एका रात्री दाब आला. ठरल्याप्रमाणे मुलाने आम्हांस नेले. दोनदा पट्टी काढली, दोनदा रक्त पाहिले, सकाळी डॉक्टर हसून म्हणाले, ‘गुरुजी, पित्त आहे.’ आम्ही घरी आलो. शेजारी विचारपूस करण्यास आले, तेव्हा आम्ही आपण होऊन सर्वांना सांगितले की पित्त निघाले, आणि चहा पाजला. ती फेरी आम्ही वाया गेली असे मानीत नाही. शाळेला आग लागली की काय म्हणून धावलो आणि शेकोटीचा धूर निघाला, तर धावणाऱ्याला कोणी मूर्ख म्हणत नाही.

म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना व एक विनंती आहे. सूचना अशी की प्रत्येक तालुक्यातील आपल्या सभासदांपैकी रात्री-अपरात्री गाडी देऊ शकतील अशांची यादी, आणि जवळच्या ईसीजीच्या ठिकाणांची माहिती, मंडळाने दरवर्षीच्या स्मरणिकेत वधू-वर सूचीच्या शेजारी छापावी. वधू-वर सूची घरोघर जपून ठेवली जाते. तिच्यासोबत हीही राहील.

आणि विनंती अशी की जो कोणी दवाखान्यातून ‘काही निघाले नाही’ असे ऐकून परत येईल, त्याला आपल्या समाजात कोणी हसू नये. पंगतीत त्याला विचारावे, बरे वाटते ना? आणि म्हणावे, गेलात ते उत्तम केले. २००७ मध्ये ज्या पाहुण्यांना आम्ही हसलो, ते सुदैवाने आजही आहेत, आणि आज येथे आले आहेत. त्यांची क्षमा आम्ही सकाळीच मागितली. ती त्यांनी दिली. दुसरी क्षमा ज्यांच्याजवळ मागावयाची, ते आता नाहीत.